४४ खाचांची पेटी, ४१ नग : जुना शेफील्ड कटलरी सेट घेण्याआधी काय तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एका जुन्या सामानाच्या दुकानात सहा जणांच्या कटलरीची ओक लाकडाची पेटी आहे, आत निळी मखमल. खाचा ४४, नग ४१. दोन डेझर्टच्या सुऱ्या आणि एक चहाचा चमचा नाही. चमच्या-काट्यांच्या मागे 'ई.पी.एन.एस. ए१' असा शिक्का, सुऱ्यांच्या पात्यांवर 'फर्थ स्टेनलेस' आणि 'शेफील्ड', म्हणजे कटलरीसाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडमधले शहर. दुकानदार म्हणतो सेट व्हिक्टोरियन आहे, चांदीचा आहे आणि सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या आहेत. मागणी २८,००० रुपये. तुम्हाला हवे आहे ते हे : किंमत रास्त आहे का, घरी आणल्यावर साफ कसा करायचा, आणि पुढे मुलीकडे अमेरिकेला नेता येईल का.

किंमत शेवटी बघू. दुकानदाराच्या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत, आणि ते त्या शिक्क्यांवरच लिहिलेले आहे. खरा प्रश्न असा की पेटीत जे आहे ते मुळात एकत्र विकले गेले होते, की रिकामी पेटी मिळाल्यावर कुणी चार ठिकाणचे नग आणून भरले. चांगली पेटी बघितली की माणूस भुलतो. तुम्ही पैसे नगांचे देणार आहात. पेटी ही त्यांची साक्षीदार, एवढेच तिचे महत्त्व.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. सेट जेवणाच्या टेबलावर वापरायचा असेल तर तीन नग कमी असल्याने काही बिघडत नाही आणि दोन चमचे दुसऱ्या घडणीचे निघाले तरी चालते. संग्रह म्हणून घ्यायचा असेल तर हीच दोन कारणे सौदा मोडायला पुरेशी आहेत. पुढचे सगळे मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण कडक कसोटी एकदा कळली की सैल करणे सोपे जाते.

पहिल्यांदा मुठी. हा भाग आधी घेण्याचे कारण कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. आधी भारतीय हत्तीच्या दाताचा, नंतर बाहेरून आणलेल्या आफ्रिकन दाताचाही. वस्तू शंभर वर्षांची आहे, इंग्लंडहून आली आहे, याने दुकानातल्या सौद्याला सूट मिळत नाही. वारशाने घरात आलेल्या वस्तूचा मार्ग वेगळा आहे, त्यात मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ९० दिवसांत घोषणा करावी लागते. तसे काही असेल तर वकिलाला विचारूनच करा. थोडक्यात, मुठी खरोखर हस्तिदंताच्या असतील तर किंमत कितीही उतरली तरी हात लावू नका. दुकानदार ज्याला मोठेपणा म्हणून सांगतो आहे, ते त्याच्याच अंगाशी येणारे विधान आहे.

आता ओळखायचे कसे. मुठीचा मागचा टोकाचा भाग, म्हणजे सुरी उभी धरली की जो तळ दिसतो तो, भिंगाखाली आणि तिरक्या उजेडात बघा. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारला तरी भागते. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, शंकरपाळ्यासारखे बारीक चौकट. मॅमथचा दात सोडला तर दुसऱ्या कुठल्याही पदार्थाला ती तशी जमत नाही. हाडाच्या मुठीवर तळाशी बारीक काळपट ठिपके दिसतात आणि लांबीवर तुटक रेघा. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सेल्युलॉइड असेल तर लांबीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, समांतर, फिकट-गडद पट्टे असतात, जवळजवळ पट्टीने मारल्यासारखे, आणि तळावर जाळी नसते. 'आयव्हरीन', 'झायलोनाइट', 'फ्रेंच आयव्हरी' ही सगळी याच घराण्यातली नावे. हे पट्टे मुद्दाम हस्तिदंताची नक्कल म्हणून घातलेले आहेत, त्यामुळे 'बघा, रेषा दिसतात ना' हे दुकानदाराचे वाक्य ऐकून निर्णय घेऊ नका. रेषा कुठे दिसतात आणि एकमेकींना छेदतात का, हे बघायचे.

आणखी एक खूण वासाची. मूठ कोरड्या सुती कापडाने अर्धा मिनिट जोरात घासून लगेच हुंगा. सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, कारण कापूर हा त्यातला घटकच आहे. तापवलेली सुई टोचून बघण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटते, आणि बाकी कुठलाही पदार्थ असला तरी कायमचे भोक पडते.

तुमच्या सेटच्या बाबतीत मुठी सेल्युलॉइडच्या असण्याची शक्यता मला बरीच जास्त वाटते, आणि त्याचे कारण मुठीत नसून पात्यावर आहे.

'फर्थ स्टेनलेस'. शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. सुऱ्यांसाठीचे स्टेनलेस तिथून सुरू होते. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारल्या. हे पाते व्हिक्टोरियन असूच शकत नाही, विषय संपला. पहिल्या महायुद्धात हे पोलाद विमानांच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हकडे वळवले गेले, त्यामुळे जेवणाच्या सुऱ्यांत ते मुबलक दिसते ते युद्धानंतर, १९२० च्या दशकात. आणि 'फर्थ' हे पोलाद बनवणाऱ्याचे नाव, सुरी बनवणाऱ्याचे नव्हे. फर्थकडून पोलाद घेऊन शेफील्डमधले कितीतरी कटलर सुऱ्या करत. सुरीकाराचे नाव त्याच पात्यावर शेजारी किंवा खाली, बहुतेक वेळा जास्त पुसट, असते. बोटाने थोडी टाल्कम पावडर चोळून तिरक्या उजेडात फोटो काढला की पुसट अक्षरे उठून दिसतात.

इथे एक मेख आहे. स्टेनलेस आल्यावर लोकांनी आपल्या चांगल्या जुन्या मुठींना नवी पाती बसवून घेतली. कार्बन पोलादाचे पाते दर जेवणानंतर भुकटीने घासावे लागे, लिंबू किंवा व्हिनेगर लागले की काळे पडे. त्या कटकटीला लोक विटले होते. म्हणून पाते १९२० नंतरचे आणि मूठ १८८० ची, म्हणजे कदाचित खरोखर हस्तिदंताची, असे होऊ शकते. तसे झाले असेल तर मूठ आणि पात्याचा जाड खांदा यांच्या सांध्यात फट, जास्तीचा चिकट पदार्थ, किंवा खांद्यापेक्षा मूठ किंचित रुंद-अरुंद दिसते. दहाही सुऱ्यांचा सांधा बघा. सगळीकडे सारखा, घट्ट आणि स्वच्छ असेल तर मूठ आणि पाते एका वयाचे धरा. जाळीच्या रेषांची तपासणी या कारणाने टाळता येत नाही.

आता 'चांदीचा'. ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. याचेच दुसरे नाव जर्मन सिल्व्हर. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हटले की अ‍ॅल्युमिनियम कळते, त्यामुळे हा शब्द ऐकून मराठी माणसाचा दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. ए१ ही मुलाम्याची प्रत, पण ती ज्याची त्याने ठरवलेली. एका कारखान्याचा ए१ आणि दुसऱ्याचा ए१ यांत तुलना होत नाही. भरीव चांदीवर इंग्लंडमध्ये हॉलमार्क असतो : चालणारा सिंह, परखणाऱ्या शहराची खूण, वर्षाचे अक्षर, आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरे. शेफील्डची खूण १९७४ पर्यंत मुकुट होती, पुढे गुलाब, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर. 'शेफील्ड' हा अक्षरांत लिहिलेला शब्द हॉलमार्क नव्हे.

याच ओघात जर्मन कटलरीचे सांगतो, कारण तीही आपल्या बाजारात येते. तिच्यावर '९०' असा आकडा दिसला की विकणारा '९० टक्के चांदी' म्हणतो. तो आकडा ग्रॅमचा आहे : १२ काटे आणि १२ चमचे मिळून २४ नगांवर ९० ग्रॅम चांदी. नगामागे पावणेचार ग्रॅम. आणि हा चांगला जाड मुलामा समजला जातो. तुमच्या पेटीत काटे-चमचे ३१ आहेत. तेवढाच जाड मुलामा धरला आणि तो अजिबात झिजलेला नाही असे मानले, तरी सगळ्या पेटीत ११६ ग्रॅमच्या आसपास चांदी निघेल, आणि तीही वेगळी काढण्याचा खर्च वेगळा. 'सोनाराकडे मोडीत घातला तरी पैसे वसूल' हे मुलाम्याच्या सेटला लागू होत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांतून येणारे पोर्तुगीज संच मात्र कधीकधी भरीव चांदीचे असतात. त्यांच्यावर १९३७ पर्यंत रानडुकराच्या डोक्याची आणि १९३८ पासून गरुडाच्या डोक्याची खूण सापडते, आणि चांदी बऱ्याचदा ८३३ ची (हजार भागांत ८३३ भाग चांदी), म्हणजे इंग्रजी ९२५ पेक्षा हलकी. पोर्तुगीजमध्ये अशा संचाला 'फाकेइरो' म्हणतात.

सेट जुळतो का, हे तपासायला अर्धा तास काढा आणि दुकानदारासमोरच टेबलावर सगळे मांडा. सहा जणांच्या ४४ नगांच्या पेटीचा सर्वसाधारण हिशेब असा असतो : जेवणाच्या सुऱ्या ६, जेवणाचे काटे ६, डेझर्टच्या सुऱ्या ६, डेझर्टचे काटे ६, डेझर्टचे चमचे ६, सूपचे चमचे ६, चहाचे चमचे ६, आणि वाढायचे मोठे चमचे २. लांबी मोजा. जेवणाची सुरी साधारण २४ ते २५ सेंटीमीटर, डेझर्टची २१ च्या आसपास, जेवणाचा काटा २० च्या आसपास, डेझर्टचा १७ ते १८. आकडे कारखान्यागणिक थोडे हलतात, पण एकाच सेटमधल्या सहा काट्यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. सहाही काटे एकावर एक रचून बाजूने बघा. दांडीचा बाक आणि दात्यांचा उठाव एका ओळीत आला पाहिजे. एखादा काटा बाहेर डोकावला तर त्याचा शिक्का परत वाचा.

इथे नवखे लोक एक चूक उलट बाजूने करतात. सुऱ्यांवर एक नाव आणि चमच्यांवर दुसरे दिसले की 'जुळवलेला सेट' असा शिक्का मारून मोकळे होतात. पण सुऱ्या घडवणारा कटलर आणि चमच्यांवर मुलामा चढवणारा हे शेफील्डमध्ये वेगवेगळे धंदे होते, आणि पेटी भरून विकणारा दुकानदार तिसराच. तिघांची तीन नावे एका अस्सल पेटीत सुखाने नांदतात. मुंबईत आर्मी अँड नेव्ही किंवा व्हाइटवे लेडलॉ यांच्यासारखी विलायती मालाची मोठी दुकाने होती, तेव्हा विक्रेत्याचे नाव पात्यावर किंवा पेटीच्या अस्तरावर मिळाले तर आनंदाची गोष्ट समजा. संशय घ्यायचा तो सहा चमच्यांतच दोन नावे निघाली तर.

शिक्क्यापेक्षा मला झीज जास्त विश्वासाची वाटते. शिक्का मारता येतो, झीज खोटी करणे फार कष्टाचे. उजव्या हाताने खाणाऱ्यांच्या घरात सूपच्या चमच्याचे टोक डाव्या बाजूने झिजते, कारण चमचा त्याच अंगाने ताटलीच्या तळाला लागतो. सहा चमच्यांत ही झीज थोडी कमी-जास्त असते, पण असते. पाच झिजलेले आणि सहावा कोराकरकरीत असेल तर सहावा पाहुणा आहे. काट्याच्या दात्यांची टोके आणि चमच्याच्या वाटीची पाठ, जिथे चमचा टेबलावर टेकतो तो उंचवटा, इथे मुलामा आधी जातो. तिथे पिवळट-राखाडी रंग दिसला तर खालचे निकेल सिल्व्हर उघडे पडले आहे. गुलाबी-तांबूस दिसला तर खाली तांबे आहे. मग तो नग या सेटमधला नाही, किंवा ई.पी.एन.एस. नाही. खिशात फ्रिजवरचे छोटे लोहचुंबक ठेवा. ई.पी.एन.एस.ला ते चिकटत नाही. चमच्याला चिकटले तर आत लोखंड आहे आणि तो बराच नंतरचा स्वस्त माल आहे. सुरीच्या पात्याला मात्र चिकटायलाच हवे, जुने कार्बन पोलाद असो की फर्थचे स्टेनलेस.

मग पेटीकडे वळा. प्रत्येक नग आपल्या खाचेत बसवून बघा. मूळ नगाने मखमलीवर वर्षानुवर्षे दाबून आपला ठसा उमटवलेला असतो, आणि त्याच्याखालची मखमल उजेड न लागल्यामुळे गडद राहिलेली असते. नग उचलल्यावर खालचा गडद आकार नगापेक्षा लांब किंवा आखूड दिसला तर तो नग त्या जागेचा नाही. खाच ढिली असून आत कापडाची घडी किंवा पुठ्ठा खुपसलेला असेल, तरी तेच.

तीन नग कमी असण्याचे वजन सारखे नसते. चहाचा चमचा सगळ्या घरांत हरवतो आणि सुटाही सहज मिळतो; नमुना साधा 'ओल्ड इंग्लिश' किंवा 'रॅटटेल' असेल तर महिन्या-दोन महिन्यांत जोड सापडेल. 'किंग्ज पॅटर्न' असेल तर सावध, कारण शिंपल्याची नक्षी प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी असते आणि शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. डेझर्टच्या दोन सुऱ्या ही खरी अडचण. पाते मिळेल, पण मुठीचा रंग मिळणार नाही. सेल्युलॉइड वयाबरोबर पिवळे पडते आणि प्रत्येक घरच्या उजेडाप्रमाणे वेगळे पिवळे पडते. म्हणून सुऱ्या कमी असलेला सेट मी 'सहा जणांचा, अपुरा' असा न मोजता डेझर्टच्या बाबतीत चौघांचा म्हणून मोजतो.

किंमत. व्हिक्टोरियन नाही, चांदी नाही, हस्तिदंत असेल तर घेता येत नाही आणि नसेल तर तेही कारण गेले. २८,००० या आकड्याला ज्या तीन खांबांवर उभे केले आहे त्यातला एकही उरत नाही. उरते ते १९२० नंतरचे, चांगल्या पेटीतले, वापरण्याजोगे मुलाम्याचे साहित्य. माझा हिशेब असा : झीज न झालेले काटे-चमचे पूर्ण धरा, वाटीच्या पाठीला मुलामा गेलेला प्रत्येक नग अर्धा धरा, मूठ ढिली किंवा तडकलेली सुरी शून्य धरा. येणाऱ्या संख्येला तुमच्या शहरात सुटा ई.पी.एन.एस. नग ज्या भावाने मिळतो त्याने गुणा, वर चांगल्या पेटीचे वेगळे द्या. तो आकडा डोक्यात ठेवून बोला. मागणी त्याच्या दीडपटीवर असेल तर घासाघीस करायला जागा आहे. तिपटीवर असेल तर नमस्कार करून निघा.

पहिलीच खरेदी असेल तर सहा किंवा बारा जोड्यांचा मासे खायचा सेट बघा, हे माझे मत. कार्बन पोलादाला मासा आणि लिंबू लागले की चव बिघडे, म्हणून माशाची सुरी मुलाम्याची करत. लग्नात भेट म्हणून अशा पेट्या द्यायचे आणि त्या कपाटात पडून राहत, त्यामुळे झीज कमी असते. मुठीही बऱ्याचदा मुलाम्याच्याच असतात, म्हणजे वरचा सगळा हस्तिदंताचा घोळ टळतो. आपल्याकडे बांगडा त्या सुरीने कुणी खाणार नाही, ते सोडा.

सफाई. आपल्या घरात चांदी-पितळेला हात लावायची सवय चिंच, राख, रांगोळी आणि पितळ घासायची पावडर यांची आहे. पितळ भरीव असते, घासले तरी आत पितळच निघते. इथे वर मुलाम्याचा पापुद्रा आहे. रांगोळीने चार वेळा घासला की वाटीची पाठ पिवळी. औषधांच्या किंवा रसायनांच्या दुकानात मऊ, बारीक 'प्रेसिपिटेटेड चॉक' मिळतो. तो डिस्टिल्ड पाण्यात सायीइतका घट्ट कालवा, दोन-चार थेंब स्पिरिट घाला, जुन्या मऊ सुती कापडाने लांबीच्या दिशेने हलके पुसा, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा. फार काळवंडलेल्या काट्या-चमच्यांसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी ही पद्धत चालते : काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, त्यातले गंधक अ‍ॅल्युमिनियम घेते आणि चांदी जागेवर राहते. लिटरला एक मोठा चमचा सोडा, नग फॉइलला टेकलेला, दोन-तीन मिनिटे. पण नक्षीच्या खोबणीतला मुद्दाम ठेवलेला काळेपणाही त्यात निघून जातो, म्हणून किंग्ज पॅटर्नला हे करू नका.

आणि सुऱ्या त्या पाण्यात कधीही घालू नका. जेवणाच्या सुरीचे पाते मुठीत बारीक शेपटीने शिरलेले असते आणि आत राळेच्या मिश्रणाने बसवलेले असते, तलवारीची मूठ आपल्याकडे लाखेने बसवतात तसेच. गरम पाण्यात राळ मऊ होते, मूठ फिरायला लागते, आत पाणी शिरते, शेपटी गंजते, गंज फुगतो आणि मूठ लांबीवर तडकते. जुन्या सुऱ्यांच्या तडकलेल्या मुठींमागे बहुतेक वेळा हेच असते. डिशवॉशरमध्ये एकदा घातलेला सेट ओळखू येतो : सगळ्या मुठी ढिल्या, सेल्युलॉइड पांढुरके. सुऱ्या ओल्या फडक्याने पुसायच्या, पाते खाली झुकवून, मुठीकडे पाणी न जाऊ देता. स्टेनलेस आहे म्हणून कोकम, लिंबू किंवा मीठ लागलेले पाते रात्रभर ठेवू नका. या जुन्या स्टेनलेसवर बारीक खड्डे पडतात आणि ते निघत नाहीत.

ढिली मूठ हाडाची किंवा लाकडाची असेल तर परत बसवता येते. वजनाने राळ ४ भाग, मधमाशांचे मेण १ भाग, विटेची वस्त्रगाळ भुकटी १ भाग. डझनभर सुऱ्यांना ६० ग्रॅम मिश्रण पुरून उरते. मंद आचेवर राळ आणि मेण वितळवा, भुकटी ढवळून घाला. मुठीच्या भोकातले जुने मिश्रण आणि गंज पूर्ण खरवडून काढा, नाहीतर नवे धरत नाही. पाते ओल्या फडक्यात गुंडाळा म्हणजे त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरणार नाही, फक्त शेपटी गरम करा, भोकात पाऊण भागापर्यंत मिश्रण ओता, शेपटी दाबा, पाते आणि मूठ एका रेषेत आहेत का ते वरून आणि बाजूने बघा, आणि दहा मिनिटे हलवू नका. बाहेर आलेले मिश्रण थंड झाल्यावर नखाने निघते. सेल्युलॉइडच्या मुठीला मात्र उष्णता अजिबात नको. तिथे मी तडजोड म्हणून सावकाश सुकणारे इपॉक्सी वापरायला सांगतो. ते परत सोडवता येत नाही, पण आग लागण्यापेक्षा बरे.

परत मुलामा चढवून घ्यायचा असेल तर आधी किती मायक्रॉन हे ठरवून लिहून घ्या. 'चकाचक करून देतो' म्हणणारा एखाद-दोन मायक्रॉनचा थर देतो आणि तो वर्षभरात उडतो. वापराच्या काट्या-चमच्यांना २० मायक्रॉनच्या आसपास हवा. सगळ्या सेटला करू नका. ज्या नगांची वाटी पिवळी झाली आहे तेवढेच. आणि मुलाम्याआधी बफिंग करताना नक्षी आणि शिक्का घासला जातो, तेव्हा शिक्क्याच्या जागी हात लावू नये हे कारागिराला दोनदा सांगा.

ठेवण्याबद्दल. पेटीचे अस्तर बनातीचे असेल तर लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मखमल सुती किंवा रेशमी असेल तर त्रास कमी. रबरबँड कधी लावू नका, त्याचा काळा पट्टा मुलाम्यात खोल जातो. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, धुतलेले मलमल वापरा. कोकणात आणि मुंबईत जूनच्या आधी प्रत्येक पेटीत सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाका आणि रंग बदलला की वाळवून परत ठेवा. सेल्युलॉइडच्या मुठी मात्र हवाबंद ठेवायच्या नाहीत. जुने सेल्युलॉइड सडायला लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते, मुठीवर चिकट घाम येतो, आत चौकोनी तडे दिसतात आणि शेजारचे पाते गंजते. एक मूठ सडू लागली की ती सुरी त्याच दिवशी पेटीतून बाहेर काढा, बाकीच्यांना लागण होते.

अमेरिकेला नेण्याचे. मुठी हस्तिदंताच्या निघाल्या तर नेण्याचा प्रश्नच येत नाही. सेल्युलॉइड किंवा हाडाच्या असतील तर वयाचा प्रश्न येतो : १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या कारागिरीच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. १९२० च्या दशकातला सेट अगदी उंबरठ्यावर आहे. म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र मिळते का, ते बघा. अर्जासाठी शिक्क्यांचे, मुठीच्या तळाचे आणि पूर्ण पेटीचे फोटो लागतील, तेव्हा ते दुकानातच नीट काढून घ्या. सुऱ्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इन सामानातच जातील, आणि पेटी तशीच भरू नका : नग काढून मलमलीत गुंडाळा, पेटी रिकामी वेगळी पाठवा. भरलेली पेटी सामानात आपटली की खाचांच्या पुठ्ठ्याचे दात पहिल्यांदा मोडतात.

जाऊन मुठीचा तळ आणि पात्याचा खांदा यांचे दोन जवळचे फोटो काढून आणा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, तेवढे मोठे दिसते.